पंचाहत्तरच्या वेगाला थरथरणारं हँडल आणि नाना पेठेतले उस्ताद

मार्चमधली गोष्ट. सकाळचे सव्वासात, सारोळ्याचा पूल जेमतेम अर्धा किलोमीटरवर. पुढच्या टेम्पोनं ब्रेक मारला म्हणून मी ॲक्सिलरेटर सोडला आणि माझ्या इलेक्ट्रिक मोटरसायकलचं हँडल डावं-उजवं असं काही थरथरायला लागलं की आरशातलं काही दिसेना. काटा ७५ वरून खाली येत होता. साठच्या खाली आल्यावर थरथर आपोआप थांबली. मी पूल ओलांडून शिरवळच्या बाजूला गाडी उभी केली, तेव्हा हेल्मेटचा पट्टासुद्धा सुटेना, इतके हात कापत होते.

मी पुण्यात धनकवडीला राहते आणि शिरवळच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. जाऊन-येऊन रोजचे नव्वदच्या आसपास किलोमीटर होतात. गाडी चौदा महिन्यांची, चोवीस हजार चाललेली. मोटर मधे, मागच्या चाकाला चेन. गाडीची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, कारण शेवटी दोष बनावटीत निघाला नाही.

आधी सर्व्हिस सेंटरला नेली. पहिल्या खेपेला त्यांनी हवा भरली आणि सॉफ्टवेअर अपडेट केलं. दुसऱ्या खेपेला कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, आवळला. आठ दिवस बरं वाटलं, पण स्वारगेटच्या सिग्नलला सावकाश पुढे सरकताना गाडी सरळ राहीना, सारखी सावरावी लागायची. तिसऱ्या खेपेला मागचं चाक हातानं फिरवून बघितलं, ते अडकत-अडकत फिरलं म्हणून "मॅडम, मागचं बेअरिंग गेलंय" असं सांगून साडेचार हजारांचा अंदाज हातात दिला. आणि जाता जाता, "सत्तरच्या वर नेऊ नका." रोज हायवेला जाणाऱ्या माणसाला हे उत्तर चालत नाही. पाठीमागून ट्रक येत असतो.

कारखान्यातल्या एका फिटरदादांनी नाना पेठेतल्या एका गॅरेजचा पत्ता दिला. स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मधल्या बोळात एका शटरचं गॅरेज आहे, बाहेर पाटी नाही. मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. सोबत त्यांचा भाचा, आयटीआय झालेला. वायरिंगचं सगळं तो बघतो.

उस्तादांनी पाना हातात घ्यायच्या आधी वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. किती स्पीडला होतं? ॲक्सिलरेटर दिलेला असताना की सोडल्यावर? मागे बॉक्स असतो का, त्यात काय असतं? कधीपासून, आणि त्याच्या आधी गाडीला कुणाचा हात लागला? मग म्हणाले, "ताई, मुंडी हलते की शेपटी?" मला कळलं नाही. त्यांनी समजावलं ते असं: हँडल भराभर थरथरतं, सेकंदाला सहा-आठ वेळा, तो आजार पुढच्या बाजूचा. पूर्ण गाडी मागून सावकाश झोके घेते, सेकंदाला दोन-तीन, तो बहुतेक वेळा मागच्या बाजूचा, नाहीतर लादलेल्या वजनाचा. "झोके मोजता आले तर शेपटी, नाही आले तर मुंडी." मी आठवून सांगितलं की माझ्याकडे दोन्ही आहे. पंचाहत्तरला मुंडी, आणि पंच्याऐंशीच्या पुढे कधी गेलेच तर शेपटी.

हे उत्तर त्यांना आवडलं, कारण त्यांनी लगेच माझा टॉपबॉक्स उतरवून काट्यावर ठेवला. लॅपटॉप, डबा, सेफ्टी शूज, रेनकोट, व्हर्नियरची पेटी मिळून भरलेला बॉक्स अकरा किलो. तो मागच्या एक्सलच्याही मागे लटकतो, म्हणजे तरफेसारखं पुढच्या चाकावरचं वजन उचलतो.

मग मागचं चाक. बेअरिंग गेलंय म्हटल्यावर ते म्हणाले, "आधी चेन काढू." चेन उतरवली, चाकाला टिचकी मारली आणि चाक आवाज न करता फिरत राहिलं. अशा गाड्यांना बहुतेक क्लच नसतो. चाक फिरवलं की चेनमधून मोटरही फिरते, आणि मोटरमधल्या चुंबकांमुळे हाताला टप्पे-टप्पे लागतात. पेट्रोलच्या गाडीवर हात बसलेल्या माणसाला ते खराब बेअरिंग वाटतं. माझे साडेचार हजार इथेच वाचले. त्यांनी चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, बोल्टपासून एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं, दोरी लावून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघितलं आणि स्वच्छ सांगितलं: मागे काही नाही. काही सापडलं नाही हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा मेकॅनिक मला पहिल्यांदा भेटला.

पुढचं चाक उचलायची वेळ आली तेव्हा एक मुलगा जॅक घेऊन आला. उस्तादांनी त्याला थांबवलं. गाडीच्या पोटाला बॅटरीची पेटी आहे, तिच्यावर जॅकचा भार नको. छताच्या हुकाला पट्टा अडकवून, फ्रेमला आधार देऊन पुढचं चाक अधांतरी केलं. भाच्यानं त्याआधीच मेन स्विच बंद केला होता. बॅटरी आणि मोटर आपण उघडणार नाही, ती कंपनीची वॉरंटी आहे, हेही त्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं.

हँडल एका बोटानं सावकाश फिरवायला सांगितलं. बरोबर मधोमध ते बारीकसं बसायचं, खाचेत गेल्यासारखं. कोनसेट उघडला, वाटी रॉकेलनं धुतली आणि माझ्या हातात दिली. मी रोज मशिन केलेले भाग तपासते, पण ही वाटी विसरणार नाही. गोळ्यांच्या वाटेवर सारख्या अंतरानं चकचकीत ठिपके उमटले होते. डोळ्यांना नुसते ठिपके, नख फिरवलं की प्रत्येक ठिपक्यावर नख अडकायचं. खड्ड्यांचे दणके खाऊन गोळ्यांनी वाटीत घरं केली होती. त्यावर सर्व्हिस सेंटरनं आवळून ठेवल्यामुळे थरथर दाबली गेली, आणि सावकाश चालवताना गाडी भरकटायला लागली. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून, व्हर्नियरनं माप घेऊन, त्याच गल्लीतून तोच नंबर आणला.

पण पुढचं चाक फिरवून बघताना त्यांनी मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) लावला, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. रिम बाजूला अर्धा मिलिमीटरसुद्धा हलत नव्हती. टायर मात्र एका जागी अडीच मिलिमीटर वर-खाली. "इकडे बघा, ताई." टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उठावाची रेघ असते, ती सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. माझ्या टायरला वितभर जागेत ती रेघ रिमच्या आत गडप झाली होती. जानेवारीत टायर बदलला तेव्हा तो नीट बसलाच नव्हता. त्याच महिन्यापासून त्रास सुरू झाला होता आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. हवा सोडली, साबणाचं पाणी लावलं, परत भरली. टप्प् असा आवाज आला आणि रेघ वर आली. मग बॅलन्सिंग.

मला सगळ्यात पटलं ते हे की प्रत्येक कामानंतर त्यांनी गाडी चालवून बघितली. दोन कामं एकदम करून एकच चक्कर मारली असं झालं नाही. टायर बसवल्यावर भाचा कात्रजच्या पलीकडे जाऊन आला: थरथर निम्मी. कोनसेटनंतर: नाही. प्रत्येक चक्कर दोनदा, एकदा रिजेन (ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटरच गाडीला रोखते आणि बॅटरी भरते ती सोय) पूर्ण वर आणि एकदा बंद ठेवून. रिजेन जास्त असताना ॲक्सिलरेटर सोडणं म्हणजे ब्रेक मारण्यासारखंच, वजन झपकन पुढे येतं, आणि पुढचा भाग आजारी असेल तर त्याच क्षणी थरथरतो. सारोळ्याला माझं तेच झालं होतं. पुन्हा कधी झालं तर काय करायचं तेही सांगितलं: हँडल घट्ट धरायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, गुडघ्यांनी गाडी धरायची आणि ॲक्सिलरेटर सावकाश कमी करायचा.

खर्च: तपासणी सहाशे, कोनसेट मजुरीसह सोळाशे, टायर आणि बॅलन्सिंग चारशे. एकूण २,६०० रुपये, बिल वहीच्या कागदावर.

अडचणीही सांगते. गाडी तीन दिवस राहिली, त्यांनी एक सांगितला होता. फोन उचलत नाहीत. बसायला एकच खुर्ची, बोळात गाडी लावायला जागा नाही. शुक्रवारी दुपारी बंद असतं.

त्याला आता दोन महिने झाले. गाडीचा काटा ८० वर असताना मी रोज ॲक्सिलरेटर सोडून बघते, हँडल शांत असतं. बॉक्समधले शूज कारखान्याच्या लॉकरमध्ये ठेवते, व्हर्नियर पाठीवरच्या सॅकमध्ये. मागची डोलही थांबली.

तुम्ही गेलात तर सकाळी दहाच्या आत जा, आणि जाताना मागचा बॉक्स रिकामा करू नका. रोज जसा भरता तसाच न्या, त्यांना तो आधी काट्यावर ठेवायचा असतो.