डॉसच्या तात्पुरत्या फाइली: हार्ड डिस्कवर की रॅमड्राइव्हवर?

नागपूरच्या इतवारीतील एखाद्या ठोक दुकानात किंवा सीताबर्डीच्या जुन्या टायपिंग केंद्रात एमएस-डॉस 6.22 (टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारी जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) आणि विंडोज 3.1 असलेला संगणक अजून कामावर ठेवायचा असेल, तर त्याच्या ऑटोएक्झेक.बॅटमधील (संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) टेम्पची, म्हणजे प्रोग्रामांनी तात्पुरत्या फाइली कुठे ठेवाव्यात हे सांगणारी, ओळ एकदा उघडून पाहावी. डॉसचा सेटअप ती बहुधा 'सेट टेम्प=सी:\डॉस' अशी लिहून ठेवतो आणि पुढे वर्षानुवर्षे तिला कोणी हात लावत नाही.

ही मूळ जागा बदललेलीच बरी. प्रोग्राम मध्येच बंद पडला की त्याच्या तात्पुरत्या फाइली डॉसच्या स्वतःच्या फाइलींत मिसळून राहतात आणि साफसफाई करताना कामाची फाइल उडण्याची भीती असते. सी ड्राइव्हची रूट (सर्वांत वरची) डिरेक्टरीही टाळावी, कारण तिथे साधारणतः 512 नोंदींचीच सोय असते. सबडिरेक्टरीला ही मर्यादा नाही.

त्यामुळे खरी निवड हार्ड डिस्कवरची स्वतंत्र 'सी:\टेम्प' डिरेक्टरी आणि मेमरीचा काही भाग डिस्कसारखा वापरून तयार होणारा रॅमड्राइव्ह यांच्यात उरते. रॅमड्राइव्ह वेगवान असतो आणि संगणक बंद केला की आपोआप रिकामा होतो. मात्र त्याला दिलेली मेमरी विंडोजच्या वाट्यातून जाते. 4 एमबीच्या संगणकात 2 एमबी त्याला दिले, तर विंडोज मेमरीत न मावणारी माहिती हार्ड डिस्कवर हलवू (स्वॅप करू) लागते आणि मिळवलेला वेग तिथेच खर्ची पडतो. स्मार्टड्राइव्ह (डिस्कवरची माहिती मेमरीत हाताशी ठेवणारा प्रोग्राम) आधीच चालू असेल, तर फरक आणखी कमी जाणवतो. शिवाय विंडोजचा प्रिंट मॅनेजर छपाईच्या फाइली टेम्पमध्येच साठवतो, त्यामुळे लांबलचक खातेवही छापताना लहान रॅमड्राइव्ह भरून छपाई अडते. 2 एमबीहून लहान रॅमड्राइव्ह या कामासाठी घेऊच नये. आकार सांगितला नाही, तर तो अवघ्या 64 केबीचा होतो.

त्याची मांडणीही थोडी खटाटोपाची आहे. कॉन्फिग.सिस या सुरुवातीच्या मांडणीच्या फाइलमध्ये हायमेम.सिसनंतर (1 एमबीपुढची, म्हणजे एक्स्टेंडेड, मेमरी वापरू देणारी फाइल) रॅमड्राइव्ह.सिसची ओळ घालून, ती मेमरी वापरण्यासाठी, तिला '/ई' हा पर्याय द्यावा लागतो. त्याच्या रूटमध्ये ठरावीक, एरवी 64 नोंदीच मावतात, म्हणून ऑटोएक्झेक.बॅटमधून दर वेळी त्यावर सबडिरेक्टरी तयार करावी लागते. पुढे हार्ड डिस्कवर नवे पार्टिशन केले की ड्राइव्हचे अक्षर सरकते आणि जुनी ओळ चुकीच्या जागी बोट दाखवू लागते.

नागपूरच्या बाबतीत विजेचा मुद्दा मला या सगळ्यांहून जड वाटतो. मे महिन्यात घरोघरी कूलर सुरू झाल्यावर व्होल्टेज पडले किंवा वीज गेली, तर रॅमड्राइव्हवरचे सारे त्याच क्षणी जाते. हार्ड डिस्कवर निदान अर्धवट फाइल सापडण्याची आशा असते. मात्र इथे एक खोच आहे. सी:\टेम्प स्वतः रिकामी होत नाही, म्हणून ऑटोएक्झेक.बॅटमध्ये तिथल्या टीएमपी फाइली पुसणारी ओळ घालतात, आणि वीज परत आल्यावर हीच ओळ ती उरलेली फाइलही पुसते. अशा वेळी संगणक सुरू होताना एफ8 दाबून, प्रत्येक ओळीला होकार-नकार देत, पुसण्याची ओळ वगळावी; ऑटोएक्झेक.बॅटसाठी ही सोय एमएस-डॉस 6.2 पासून आहे. पुसण्याचे काम सुरुवातीलाच करावे, विंडोज चालू असताना कधीही करू नये.

8 एमबी मेमरी आणि चालता यूपीएस असेल, छपाई थोडी असेल आणि कम्पायलरसारखे (लिहिलेला प्रोग्राम संगणकाच्या भाषेत बदलणारे) सतत तात्पुरत्या फाइली लिहिणारे काम असेल, तर रॅमड्राइव्ह जरूर घ्यावा. दुकानाच्या हिशेबासाठी मी सी:\टेम्पच सुचवेन.

जागा कोणतीही निवडली, तरी डिरेक्टरी आधी तयार असावी, बरोबरच्या (=) चिन्हाआधी स्पेस सोडू नये आणि काही प्रोग्राम टेम्पऐवजी टीएमपी हे नाव शोधत असल्याने दोन्ही ओळी विंडोज सुरू करणाऱ्या ओळीच्या आधी लिहाव्यात. नंतर डॉसच्या प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायच्या जागी) नुसते 'सेट' टाइप केले की दोन्ही नोंदी बरोबर बसल्या की नाही, ते लगेच दिसते.