मांजरीच्या हनुवटीवरचे काळे कण: तयार वाइप्स घ्यावेत की बाटलीतलं औषध?

माझ्या मांजरीच्या, चिंगीच्या हनुवटीवरच्या काळ्या कणांसाठी मी आधी वाइप्स, म्हणजे औषधात भिजवलेले तयार ओले रुमाल, आणले होते. दोन महिने ते मनापासून वापरले आणि मग बाटलीतलं औषध आणि गॉज (जखमेला वापरतात ते जाळीदार कापड) यावर आलो. आज कपाटात दोन्ही आहेत, पण हात बाटलीकडेच जातो. दोन्हींत मूळ औषध एकच, क्लोरहेक्सिडिन नावाचं जंतुनाशक. म्हणून कोणतं औषध भारी, हा इथे प्रश्नच नाही. ते कोणत्या रूपात आणलं तर मांजर रोज निमूट लावून घेईल, एवढंच ठरवायचं आहे. या दुखण्यात सगळं अवलंबून असतं ते रोज न चुकता पुसण्यावर.

तुलनेकडे वळण्याआधी, तुमच्या मांजरीला झालंय ते हेच, म्हणजे हनुवटीवरची मुरुमं (अॅक्ने), आहे ना, याची खात्री करून घ्या. मी स्वतः पहिले काही आठवडे चुकलो होतो. चिंगीच्या हनुवटीला मला वाटली माती. ओल्या फडक्यानं पुसली, निघाली नाही. केस बाजूला करून पाहिलं तर मुळाशी बारीक काळे कण घट्ट बसलेले. हे ब्लॅकहेड. मांजरीच्या हनुवटीत तेलग्रंथी भरपूर असतात. ती दाराच्या कडेला, खुर्चीच्या पायाला हनुवटी घासते ती तिथला वास मागे ठेवण्यासाठीच. केसांच्या मुळाशी तेल आणि मेलेल्या पेशी साचून छिद्र बुजलं की हे कण दिसू लागतात. नर असो वा मादी, पिल्लू असो वा म्हातारी मांजर, कुणालाही होतं. नुसतेच कण असतील तर मांजरीला त्याचं काही वाटत नाही. पुढे छिद्रं सुजली आणि जंतू शिरले की लाल पुळ्या, मग पू, मग खपली आणि हनुवटीला सूज असा प्रवास सुरू होतो, आणि तेव्हा ते दुखतंही.

पिसवांची विष्ठाही अशीच काळी दिसते. कण पांढऱ्या कागदावर झाडून वर पाण्याचा थेंब टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर त्या पिसवा. विष्ठेत पचलेलं रक्त असतं, म्हणून तो रंग. काळे कण नाहीत, पण हनुवटी टणक आणि फुगलेली, खालचा ओठ पुढे आल्यासारखा दिसतोय, तर ती वेगळ्या प्रकारची, बहुधा अॅलर्जीशी संबंधित सूज असू शकते. केस गोलाकार गळलेत आणि त्वचा कोंड्यासारखी सुटतेय, तर गजकर्णाची शंका घ्या. मांजरींमध्ये तो बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतो आणि घरातल्या माणसांनाही लागतो. डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडेही हनुवटीवर असं काहीतरी करू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्वचा हलकी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. जबड्याच्या एकाच बाजूला सूज असेल तर दात तपासून घ्या. आणि न भरणारी जखम असेल, विशेषतः म्हाताऱ्या मांजरीला, तर घरी पुसत बसू नका. इथून पुढचं सगळं, डॉक्टरांनी पाहून ‘हे अॅक्नेच आहे, घरी सांभाळता येईल’ असं सांगितलेल्या मांजरींसाठी आहे.

वाइप्सबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगले आहेत. औषधाचं प्रमाण ठरलेलं असतं, कालवाकालव करावी लागत नाही. एका हातानं मांजर धरून दुसऱ्या हातानं काम होतं. ओघळ येत नाही, ही तर फार मोठी गोष्ट आहे. क्लोरहेक्सिडिन डोळ्यात गेलं तर डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला इजा करतं, आणि हनुवटीपासून डोळा किती लांब असतो? काही वाइप्समध्ये बुरशीविरोधी औषधही असतं. हनुवटीवर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलेलं आढळलं असेल तर त्याचा उपयोग होतो. घरात पाळीपाळीनं दोन-तीन माणसं मांजरीचं करत असतील, तर सगळ्यांच्या हातून सारखं काम होण्यासाठी वाइप्सच बरे, असं मलाही वाटतं.

किरकोळ तक्रारी होत्या. पाकिटातला वरचा वाइप सुकलेला निघायचा. एवढ्याशा हनुवटीला तो केवढा तरी मोठा पडायचा, म्हणून कापून घ्यावा लागायचा. वास थोडा उग्र होता. हे सगळं मी चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आला नाही तो पाकिटाचा आवाज. वरची चिकटपट्टी उचलताना चर्र असा आवाज होतो, आपल्या लक्षातही येत नाही इतका छोटा. चिंगीनं तो दुसऱ्या आठवड्यातच ओळखला. आतल्या खोलीत गाढ झोपलेली असली तरी ऐकायची, आणि मी पोचेपर्यंत पलंगाखाली, भिंतीला अंग चिकटवून बसलेली. मग तिला ओढून काढायचं, तिनं नखं रोवायची, आणि शेवटी गार वाइप हनुवटीला लागला की अंग आक्रसून घ्यायचं. मी वाइप आधीच काढून झाकणाच्या डबीत ठेवून पाहिला. तिला वास आला. दार लावून न्हाणीघरात पाकीट उघडून पाहिलं. ती दारातच कान ताठ करून उभी. शेवटी शेवटी घरात कुठलंही पाकीट उघडलं तरी ती उठून जायची.

याचा परिणाम असा की आठवड्यातून तीन-तीन दिवस नागा पडू लागला. संध्याकाळी दमून आल्यावर पलंगाखालून मांजर ओढून काढण्याचं बळ माणसात उरत नाही, आणि तिला असं छळावंसंही वाटत नाही. काळे कण कमी झाले होते ते परत भरले, त्यातल्या दोन कणांच्या पुळ्या झाल्या. मला जास्त लागलं ते वेगळंच. ती मांडीवर येईनाशी झाली. हनुवटी खाजवून घ्यायला स्वतःहून मान वर करणारी मांजर माझा हात पुढे आला की मागे सरकू लागली. हनुवटी बरी करताना मांजरच हातची जात असेल, तर काहीतरी चुकतंय हे मला तेव्हा कळलं.

पुळ्या दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनीच सुचवलं, गॉज वापरून बघा. तेव्हापासूनची पद्धत अशी. वाटीत कोमट पाणी, त्यात त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात क्लोरहेक्सिडिनचं द्रावण, गॉजचा चौकोनी तुकडा बुडवून नीट पिळलेला. आवाज काहीच नाही. चिंगी जिथे बसली असेल तिथे जाऊन मी आधी कानामागे खाजवतो, मग हनुवटीखाली गॉज धरतो. घासत नाही, नुसता धरून ठेवतो आणि मनात शंभरपर्यंत मोजतो. ऊब तिला आवडते. पहिल्या आठवड्यात ती साशंक होती, तिसऱ्यात तिनं स्वतः मान वर केली. आता कधी कधी डोळेही मिटते.

उबेचा आणखी एक फायदा मला वाटतो, जरी मी तो मोजलेला नाही. गार वाइप फिरवला की तो वरून पुसतो आणि लगेच वाळतो. कोमट गॉज थोडा वेळ टेकवला की खपली मऊ पडते, बुजलेलं तेल सैल होतं, आणि औषधालाही त्वचेवर राहायला वेळ मिळतो. नंतर कोरड्या गॉजनं टिपून घ्यायचं आणि पाच-दहा मिनिटं तिला खेळात गुंतवायचं, म्हणजे ओलसर हनुवटी ती पंजानं पुसून चाटत नाही.

बाटलीचे त्रास मी लपवणार नाही. सगळ्यात मोठा धोका चुकीची बाटली उचलण्याचा. शस्त्रक्रियेआधी हात धुण्याचं, फेस होणारं क्लोरहेक्सिडिन वेगळं, त्यात साबणासारखं द्रव्य असतं. माणसांचा माउथवॉश आणखी वेगळा. हवं ते साधं द्रावण, आणि तेही बाटल्यांवर वेगवेगळ्या टक्क्यांत मिळतं. म्हणूनच मी इथे किती थेंब ते लिहीत नाही. तुमच्या हातातली बाटली डॉक्टरांना दाखवून प्रमाण विचारून घ्या. कालवलेलं द्रावण ठेवून वापरायचं नाही, रोज ताजं करायचं. आधी साबणानं हनुवटी धुवायची नाही, साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्सिडिनचा जोर कमी होतो. गॉज नीट पिळला नाही तर छातीवर ओघळ येतो. आणि कापूस नको. मी सुरुवातीला कापूसच घेतला होता, त्याचे तंतू खपलीत अडकले आणि ते काढताना खपली उचकटली.

मधल्या काळात बेंझॉइल पेरॉक्साइडचं 2.5 टक्क्यांचं जेलही डॉक्टरांच्या सांगण्यावरून वापरून पाहिलं होतं. बुजलेली छिद्रं मोकळी करण्यात ते तरबेज आहे, काळे कण खरोखर लवकर कमी झाले. पण चिंगीची त्वचा कोरडी पडून लाल झाली, आणि ज्या निळ्या उशीवर ती झोपते तिच्यावर पांढरे डाग पडले, कारण ते कापडाचा रंग उडवतं. दहा दिवसांत थांबवलं. काही मांजरींना ते सोसतं. माणसांच्या पुटकुळ्यांचं 5 किंवा 10 टक्क्यांचं जेल मात्र मांजरीला लावू नका. चेहऱ्याचे सॅलिसिलिक आम्लवाले फेसवॉश आणि टी ट्री तेल यांनाही हात लावू नका. मांजरीचं यकृत अशी कित्येक द्रव्यं आपल्यासारखी निकामी करू शकत नाही, आणि हनुवटीवर लावलेलं शेवटी पोटात जातं.

पू झालेला असेल तर वाइप्स की गॉज हा वाद गौण आहे. तेव्हा म्युपिरोसिनसारखं मलम किंवा पोटातून प्रतिजैविक लागू शकतं, आणि ते डॉक्टरच ठरवतील. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी दिली तर मागोमाग पाणी किंवा थोडं खाणं जरूर द्या. कोरडी गोळी मांजरीच्या अन्ननलिकेत अडकून तिथे भाजल्यासारखी इजा होऊ शकते. आणि कण नखानं पिळून काढू नका. आतल्या आत छिद्र फुटलं की साध्या ब्लॅकहेडचं गळू होतं.

भांड्यांचं थोडक्यात. प्लॅस्टिकची वाटी काढून मी स्टीलची आणली, रोज घासतो. प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात, त्यांत जंतू आणि तेलकटपणा राहतो, एवढं पटण्यासारखं आहे. पण वाटी आणि गॉज मी एकाच आठवड्यात बदलले, तेव्हा श्रेय कुणाचं ते सांगता येणार नाही. करायला सोपं आहे, करून टाका.

तुमची मांजर पाकिटाच्या आवाजाला भीत नसेल, किंवा तुम्ही सारखे प्रवासात असाल, तर वाइप्स घ्यायला माझी काहीच हरकत नाही. एक सुचवेन. मोठं पाकीट घेण्याआधी घरातलं कुठलंही चिकटपट्टीचं पाकीट मांजर जवळ असताना उघडून पाहा आणि तिचे कान कुठे वळतात ते बघा. मांजर आधीच बुजरी असेल, पशुवैद्याच्या पिंजऱ्याची आठवणही तिला नकोशी असेल, तर मी थेट गॉजपासून सुरुवात करीन.

हे दुखणं बहुतेकदा कायमचं जात नाही, आटोक्यात राहतं. पहिले तीन आठवडे आम्ही रोज केलं, आता आठवड्यातून दोनदा. चिंगीच्या हनुवटीवर आजही केस फिरवून पाहिलं तर दोन-चार कण सापडतात. पुळी मात्र गेल्या हिवाळ्यापासून एकही नाही, आणि संध्याकाळी वाटी घेऊन बसलो की ती स्वतःच येऊन मांडीवर बसते.