साडेसहाशेचा लेझर ड्रायव्हर: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावरचा अनुभव

लाकडावर अक्षरं-चित्रं कोरणाऱ्या लेझर मशीनच्या (एनग्रेव्हरच्या) लेझर डायोडला ठरवलेलाच करंट देणारा बोर्ड म्हणजे हा ड्रायव्हर. आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. एक अँपिअरच्या आतला डायोड असेल तर हा बोर्ड बिनधास्त घ्या. त्याच्या वर जायचं असेल तर नका घेऊ, खोक्यावर दोन अँपिअर लिहिलंय तरी नका घेऊ. का ते खाली लिहितोय, जरा लांबण लागेल.

दोन पोरांनी मिळून बनवलाय हा, दोघंही नोकरी सांभाळून शनिवार-रविवार हा उद्योग करतात आणि ओळखीओळखीतून विकतात. किंमत साडेसहाशे. बाहेरून चांगला ड्रायव्हर मागवायचा तर कस्टम आणि कुरियर धरून तो डायोडपेक्षा महाग पडतो, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि दुसऱ्या टोकाला लॅमिंग्टन रोडला शंभर-दीडशेत मिळणारे बिननावाचे बोर्ड, त्यातल्या एकाने माझा निळा डायोड पहिल्याच संध्याकाळी घालवला. गेला म्हणजे विझला नाही हां, मंद निळा प्रकाश येत राहिला, पण लाकडावर साधा डागसुद्धा पडेना. लेझर डायोड मेला की त्याचा नुसता एलईडी होतो, आणि तो एलईडी मला फार महाग पडला.

आता कोणीतरी म्हणणारच की एवढा खटाटोप कशाला, एलएम३१७ हा साधा रेग्युलेटर आयसी लाव की करंट मोडमध्ये. लावून झालंय. आयसी दहा-वीस रुपयांत येतो, करंट म्हणजे १.२५ भागिले रेझिस्टर एवढा सोपा हिशोब आहे आणि लहान लाल डायोडला तो मस्त चालतो. पण एक अँपिअर हवा असेल तर १.२५ ओहमचा रेझिस्टर लागतो, सव्वा वॅट त्यातच जळतात, वर आयसीला स्वतःला दोनेक व्होल्ट लागतात. म्हणजे साडेचार व्होल्टच्या निळ्या डायोडसाठी निदान आठ व्होल्टचा सप्लाय हवा. आणि करंट बदलता यावा म्हणून त्याच रेझिस्टरच्या जागी प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा बदलता रेझिस्टर) टाकला की खरी भानगड सुरू होते, कारण डायोडचा सगळा करंट त्या प्रीसेटच्या इवल्याशा सरकत्या टोकातून जायला लागतो.

या बोर्डात ते वेगळं केलंय आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे. आत काही जगावेगळं नाही, एलएम३५८ हा ऑपॅम्प (दोन व्होल्टेज ताडून बघणारा आयसी), एक लॉजिक लेव्हल मॉसफेट (झडपेसारखा करंट कमी-जास्त सोडणारा ट्रान्झिस्टर) आणि करंट मोजायला ०.२२ ओहमचा सेन्स रेझिस्टर, पुस्तकातलंच सर्किट. पण प्रीसेट पंचवीस फेऱ्यांचा मल्टिटर्न आहे, त्याच्यातून फक्त करंट किती हवा ते सांगणारं रेफरन्स व्होल्टेज जातं, आणि त्याच्या मधल्या पायाला एक रेझिस्टर थेट ग्राउंडला टाकलाय. म्हणजे उद्या दमट हवेने किंवा धुळीने ते सरकतं टोक उचललं गेलं तर करंट शून्यावर येतो, वर जात नाही. रुपयाच्या आतलं काम आहे हे. ज्या माणसाने हा रेझिस्टर टाकला त्याने स्वतःच्या पैशाचे डायोड उडवलेले असणार एवढं मी पैजेवर सांगतो.

लेझर चालू-बंद करणाऱ्या सिग्नलच्या (टीटीएल) इनपुटलापण तसाच ग्राउंडला नेणारा रेझिस्टर, म्हणजे पुल-डाऊन, आहे. माझी मशीन अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर जीआरबीएल या प्रोग्रॅमने चालते, आणि उनो रिसेट होतो तेव्हा त्याच्या पिना क्षणभर अधांतरी असतात. आधीच्या बोर्डावर यूएसबी लावली की लेझर फडफडायचा. इथे शांत असतो. पॉवर दिल्यावर करंट हळूहळू चढतो का हेही ओळखीतल्या एका सरांच्या लॅबमध्ये स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) बघितलं, चढ एकदम गुळगुळीत होता, वर कुठे करंटची अचानक उसळी, म्हणजे टोक, नाही. हे टोकच डायोडला मारतं, मिलिसेकंदाच्याही आतलं काम असतं, आणि फ्यूज वितळायला त्याहून जास्त वेळ लागतो त्यामुळे फ्यूजवर विसंबू नका.

डायोड लावायच्या आधी डमी लोड, म्हणजे डायोडऐवजी लावायचा खोटा भार, बनवाच. चार १एन५४०८ (साधे रेक्टिफायर डायोड) एकापुढे एक, त्यांच्यापुढे एक ओहम पाच वॅटचा रेझिस्टर, बस. सगळं मिळून साडेचार व्होल्टच्या जवळपास जातं, आणि त्या एक ओहमवर मल्टिमीटर लावला की जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिअँपिअर. मी प्रीसेट उलटा फिरवून शून्यावर आणला, मग पाव-पाव फेरी करत ९०० पर्यंत चढवला, अर्धा तास तसाच ठेवला, ८९० च्या आसपास स्थिर. या किमतीला मला एवढं पुष्कळ झालं.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे डायोडच्या वायरींसाठी दिलेले स्क्रूवाले टर्मिनल. एनग्रेव्हरचं डोकं दिवसभर इकडून तिकडे थडथडत असतं, आणि माझ्या मशीनवर ड्रायव्हर डोक्यावरच बसवलेला, तर स्क्रू ढिले होणारच. बाकी कुठे लूज कॉन्टॅक्ट झाला तर वस्तू बंद पडते, इथे नेमकं उलटं आहे. वायर सुटली की ऑपॅम्पला वाटतं करंट कमी पडतोय, तो मॉसफेट पूर्ण उघडून बसतो, आणि वायर परत टेकली की सगळा सप्लाय एका झटक्यात डायोडवर. चालू पॉवरवर डायोडची वायर काढायची-घालायची नाही हे पत्रकात ठळक छापलंय, कबूल, पण ढिला स्क्रू पत्रक वाचत नाही ना. मी ते टर्मिनल काढून वायरी थेट सोल्डर केल्या, वर थोडा ग्लू गनचा गोंद. ज्यांना काढघाल करायचीय त्यांनी लॉकवाला जेएसटी कनेक्टर लावा.

दुसरी गोष्ट पत्रकात अजिबात नाही आणि ती असायलाच हवी होती. हा ड्रायव्हर डायोडच्या निगेटिव्ह बाजूला बसतो, म्हणजे डायोडचा निगेटिव्ह पाय ग्राउंड नाही. काही डायोडांची धातूची केस आतून एका पायाला जोडलेली असते. ती निगेटिव्हला जोडलेली असली, केस हीटसिंकमध्ये, हीटसिंक मशीनच्या ॲल्युमिनियम फ्रेमला, आणि फ्रेम कुठूनतरी ग्राउंडला, तर ड्रायव्हर बाजूलाच राहतो आणि डायोड थेट सप्लायवर. लावण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवून केस आणि दोन्ही पाय तपासा, बीप आला तर मध्ये मायका किंवा सिलिकॉन पॅड घाला. फोनवर सांगितलं तर पोरं म्हणाली पुढच्या पत्रकात टाकतो.

आता गरमीचं. लिनियर ड्रायव्हर आहे, जादा व्होल्टेज सगळं उष्णतेत जातं. १२ व्होल्टचा अडॅप्टर लावलात, डायोडला साडेचार व्होल्ट आणि एक अँपिअर, तर डायोड खातो साडेचार वॅट आणि बोर्ड खातो साडेसात. मे महिन्यात भांडुपच्या माझ्या खोलीत दुपारी मॉसफेटच्या हीटसिंकला बोट लावता येत नव्हतं. मग मध्ये बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड) टाकून सप्लाय सातवर आणला, बोर्डावर अडीच वॅट उरले आणि आता तो नुसता कोमट असतो. हे मॉड्यूल साठ-सत्तर रुपयांत येतं. दोन अँपिअरला हाच हिशोब करून बघा, १२ व्होल्टवर पंधरा वॅट, आणि दिलेला हीटसिंक काडेपेटीएवढासुद्धा नाही. म्हणून म्हटलं वर जाऊ नका. मॉसफेट मेला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे जाता जाता डायोडलाही घेऊन जातो.

डायोडची स्वतःची गरमी वेगळीच. १९६२ मध्ये रॉबर्ट हॉलने पहिला लेझर डायोड चालवला तो द्रव नायट्रोजनमध्ये आणि तोसुद्धा पल्सवर, खोलीच्या तापमानाला सलग चालायला १९७० उजाडलं, आणि ते दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाही. डायोड तापला की थ्रेशोल्ड करंट (लेझर सुरू व्हायला लागणारा किमान करंट) वाढतो, त्यामुळे ड्रायव्हर इमानेइतबारे तेवढाच करंट देत असला तरी प्रकाश कमी पडतो. दुपारी केलेल्या नेमप्लेट रात्रीच्यापेक्षा फिक्या येतात त्या यामुळे, बोर्डाला दोष देऊ नका, डोक्यावर फॅन लावा.

फोटो एनग्रेव्ह करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जीआरबीएलचा पीडब्ल्यूएम (पॉवर कमी-जास्त करायला लेझर झपाट्याने चालू-बंद करणं) साधारण एक किलोहर्ट्झ असतो, म्हणजे दोन टक्के पॉवरला पल्स जेमतेम वीस मायक्रोसेकंदाची. एलएम३५८ संथ आहे, स्लू रेट (आउटपुट बदलायचा वेग) ०.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, मॉसफेट उघडेपर्यंत अर्धी पल्स संपते. त्यामुळे फोटोतल्या फिक्या छटा उमटतच नाहीत, गाल एकदम कोरे. लेझरजीआरबीएल या सॉफ्टवेअरमध्ये एस-मिन (सगळ्यात कमी पॉवरचा आकडा) वाढवून घेतलं की बरंच जमतं. अक्षरं आणि बॉर्डरला काहीच फरक पडत नाही. जरा वेगवान ऑपॅम्प टाकला असता तर किंमत थोडी वाढली असती, पण मी असतो तर टाकला असता.

गॉगल सोबत येत नाही आणि यायलाही नको, फुकटच्या गॉगलवर डोळे कोण टाकणार. अर्धा वॅटच्या वर सगळं क्लास ४, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्ग, नुसतं परावर्तन पण धोक्याचं. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशासाठीचा, ओडी (प्रकाश किती अडवतो तो आकडा) छापलेला गॉगल वेगळा घ्या आणि घरात लहान पोरं असतील तर मशीनला झाकण करा. आणि पीव्हीसी जाळू नका, क्लोरीनचा विषारी धूर होतो. आमच्या मंडळातला एकजण हे बघून म्हणाला, दादा यावर मोठा डायोड टाकून विसर्जनाला बीम मारू या. मिरवणुकीतल्या लेझरने डोळे गेल्याच्या बातम्या वाचून पण लोक असं बोलतात! त्याला दारातूनच परत पाठवला.

पावसाळ्यात बोर्डाला काही झालं नाही, फक्त सोल्डरिंगचा फ्लक्स नीट पुसलेला नव्हता, त्यावर दमट हवेत चिकट थर जमला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, दोन मिनिटांचं काम. पोरांना ते पण सांगितलंय. पुढच्या बॅचला लॉकवाला कनेक्टर देणार आहेत आणि किंमत पन्नासेक रुपयांनी वाढेल म्हणाले. वाढू दे, मी दुसऱ्या मशीनसाठी एक सांगून ठेवलाय.