खानापुरी कुंड्या आणि मातीवरची बुरशी: दहा महिन्यांचा अनुभव

टिळकवाडीतल्या आमच्या घरात सकाळचं तासभर ऊन येतं, पावसाळ्यात तेही नाही. बेळगावची झड एकदा लागली की आठ-आठ दिवस हटत नाही. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथं प्लास्टिकच्या कुंडीतली माती कुठली वाळणार? गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात मनी प्लांट, सिंगोनियम, स्नेक प्लांट, सगळ्यांच्या मातीवर पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर धरला.

खरवडला, तर चार दिवसांत परत. दालचिनीची पूड भुरभुरली, आठवडाभर निभावलं. निंबोळी पेंड वर पसरली, तर त्या ओल्या पेंडीवरच दुप्पट बुरशी आली. पेंड मातीत मिसळायची असते, हे मला मागाहून कळलं. ही बुरशी कुजणाऱ्या पाल्यावर, कच्च्या शेणखतावर जगते, जिवंत मुळांना सहसा धक्का लावत नाही. पण माती सतत ओली आहे, हे ती सांगते, आणि मुळं कुजतात ती त्या ओलीनं. माझं स्नेक प्लांट तसंच गेलं. जरा ओढलं तर अख्खं हातात आलं, बुडखा लिबलिबीत, आंबूस वास.

म्हणून गेल्या जूनमध्ये बेळगावजवळच्या खानापूरहून सहा मातीच्या कुंड्या आणल्या. कुंभारमामांनी बजावलं, "ऑइलपेंट तेवढा मारू नका ताई, कुंडीच्या अंगातून पाणी सुटायचं बंद होतंय." अर्धी लाल माती, बाकी जाडी वाळू आणि गांडूळखत सारखंच. काळी माती अजिबात घेतली नाही, ती पाणी धरून बसते. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी.

अख्ख्या पावसाळ्यात एकाच कुंडीत बुरशी दिसली, तीही तळाची बशी रिकामी करायची राहिली म्हणून. ओल्या मातीवरची चिलटंही गेली.

ऑक्टोबरात कुंड्यांच्या बाहेरून पांढरं दिसायला लागलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. बोटानं चोळलं तर खरखरीत लागलं, ओल्या फडक्यानं निघालं. आमच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार ते. बुरशी मऊ, तंतूंची असते.

उणं एवढंच की कुंड्या जड आहेत, आणि आता मार्चच्या उन्हात माती फार लवकर सुकते. पीस लिलीनं दोनदा मान टाकली, तिला परत प्लास्टिकमध्ये हलवलं. घरात अजून चार प्लास्टिकच्या कुंड्या आहेत, त्या मिरगाच्या आत बदलून घेणार. लिलीची तेवढी राहू दे.