जुन्या कोल्हापूरची चित्र-पोस्टकार्डं ठेवायला पाकिटं आणि डबे: काय घ्यावं, काय टाळावं

कोल्हापूर आणि आसपासची जुनी चित्र-पोस्टकार्डं जमवणाऱ्यांचा सगळा जीव कार्ड मिळवण्यात अडकलेला असतो. नवा राजवाडा, रंकाळा, भवानी मंडप, पन्हाळ्याचा तीन दरवाजा, मिरजेचं मिशन हॉस्पिटल, यातलं एखादं हाती लागलं की मात्र ते ठेवायला दुकानात जे समोर दिसेल ते पाकीट उचललं जातं. शंभर वर्षं कुठल्या तरी पेटीत धड राहिलेलं कार्ड मग आपल्याकडच्या दोन-चार पावसाळ्यांत चिकटतं, लाटा धरतं, नाहीतर डागाळतं. म्हणून हे परीक्षण कार्डांचं नाही, त्यांना सांभाळणाऱ्या वस्तूंचं आहे.

निकाल आधीच सांगतो. पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे पीपीचं, दोन्ही बाजूंनी पारदर्शक आणि गोंद नसलेलं पाकीट घ्या. ते उभं ठेवायला पीपीचाच हवाबंद झाकणाचा डबा घ्या. छायाचित्र-कार्डांसाठी, म्हणजे छापील नसून खरा फोटो असलेल्या कार्डांसाठी, जमलं तर पॉलिस्टरची पाकिटं घ्या. मऊ पीव्हीसीचे अल्बम, चिकट पानांचे अल्बम आणि लॅमिनेशन, या तिन्हींवर एक रुपयाही घालू नका.

आधी मापाचं बघू, कारण निम्मी खरेदी तिथेच चुकते. जुन्या कार्डाचं नेहमीचं माप साधारण 9 बाय 14 सेंटीमीटर. आपलं टपाल खात्याचं साधं कार्डही याच मापाचं. नंतरची, विशेषतः रंगीत छपाईची पर्यटन-कार्डं 10.5 बाय 14.8 पर्यंत जातात. फोटोच्या दुकानात मिळणारा अल्बम चार बाय सहा इंचाचा, म्हणजे 10.2 बाय 15.2 सेंटीमीटरचा असतो. त्यात जुनं कार्ड दोन्ही दिशांनी सेंटीमीटरभर सैल राहतं. दर वेळी पान उलटताना ते सरकतं आणि कोपरे बोथट होतात. कार्डाची किंमत तर कोपऱ्यांवरच ठरते. आतून साधारण 9.5 बाय 14.5 भरणारं पाकीट जुन्या कार्डाला नेमकं बसतं. मोठ्या कार्डांसाठी 11 बाय 15.5 चं वेगळं बंडल ठेवा. एकाच मापात सगळं कोंबण्याचा मोह टाळा. जुन्या कार्डांची कटाई सारखी नसते, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. त्यामुळे शंभराचं बंडल घेण्याआधी दोन-तीन कार्डं घालून बघा. कार्ड ढकलावं लागत असेल तर पाकीट लहान आहे.

आता प्लास्टिक. दुकानदार सगळ्यालाच 'प्लास्टिक कव्हर' म्हणतो, त्यामुळे ओळखायचं काम आपलंच. मऊ पीव्हीसी लवचिक राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. काही वर्षांनी ते बाहेर येतं आणि पाकीट आतून चिकट होतं. शाई आणि हाताने भरलेले रंग ते ओढून घेतं, छायाचित्राला तर घट्ट चिकटूनच बसतं. शिवाय पीव्हीसी हळूहळू आम्ल सोडतं. नव्या रेनकोटसारखा वास आला की ते पाकीट तिथेच परत ठेवा. वासावरून खात्री पटली नाही तर पाकिटाचा नखाएवढा तुकडा कापा, पाण्याच्या वाटीत भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि तुकडा बोटाने पूर्ण बुडवून सोडा. पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर येतं. पीव्हीसी आणि पॉलिस्टर दोन्ही तळाला बसतात. साबणाचा थेंब विसरलात तर पीव्हीसीचा पातळ तुकडाही पाण्याच्या ताणावर तरंगतो आणि फसवतो. बुडलेल्या तुकड्यातलं पीव्हीसी ओळखायला तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे गच्चीवर करा, तो धूर छातीत जाऊ देऊ नका.

कापड आणि लग्नपत्रिका भरायला वापरतात त्या कडक, चकचकीत बीओपीपी, म्हणजे ताणून बनवलेल्या पीपीच्या, पिशव्या पॅकिंग मटेरियलच्या दुकानात शेकड्याने मिळतात. इचलकरंजी जवळ असल्यामुळे आपल्याकडे त्यांची कमी नाही. स्वस्तातला चांगला पर्याय म्हणून छापील कार्डांसाठी त्या मला मान्य आहेत, पण दोन अटींवर. पहिली म्हणजे झाकणाच्या पट्टीवर गोंद नसावा. कार्ड बाहेर काढताना त्याची कड त्या गोंदाला हमखास लागते आणि पृष्ठभागाचा पापुद्रा निघतो. गोंदाची पिशवीच मिळाली तर पट्टी कात्रीने कापून टाका. दुसरी अट अशी की या पिशव्यांत छायाचित्र-कार्ड ठेवू नये. पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांत घातलेली द्रव्यं छायाचित्राला कितपत सुरक्षित आहेत, हे पिशवीवर कुठेच लिहिलेलं नसतं. छायाचित्रांसाठी घेतलेल्या पाकिटावर 'पीएटी', म्हणजे वस्तू छायाचित्राला अपाय करते का ते पाहणारी, चाचणी उत्तीर्ण असल्याचा किंवा आयएसओ 18916 चा उल्लेख शोधा. 'आर्काइव्हल' हा शब्द कुणीही छापतो, या क्रमांकामागे मात्र ठरलेली चाचणी आहे.

छायाचित्र-कार्ड आणि छापील कार्ड यांतला फरक दहापट भिंगाखाली लगेच दिसतो. रंकाळ्याचं कार्ड घेतलं तर पाण्याच्या करड्या भागावर भिंग धरा. ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर हाफटोन छपाई. बारीक, वळवळत्या सुरकुत्यांसारखी घडण दिसली तर कोलोटाइप, ही ठिपक्यांशिवायची जुनी छपाई. आणि काहीच न दिसता करडा रंग सलग काळ्यात मिसळत गेला तर ते खरं छायाचित्र, म्हणजे वर चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर आला. या थराच्या जुन्या कार्डावर गडद भागात, झाडांच्या सावलीत किंवा कडेला, तिरप्या उजेडात निळसर धातूची झाक दिसते. ती छायाचित्रातली चांदी वर आल्याची खूण आहे. ती पुसायला जाऊ नका, त्याखालचं चित्रच निघून येतं. विखुरलेले रंगीत ठिपके दिसले तर मात्र ते घरगुती प्रिंटरवर काढलेलं नवं कार्ड आहे, त्याला महागाचं पाकीट लागत नाही. शंका उरली तर 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च अंधारात मागच्या बाजूवर मारा. साधारण 1950 नंतरच्या पुष्कळशा कागदांत पांढरेपणासाठी घातलेलं द्रव्य निळसर पांढरं चमकतं. शाहू महाराजांच्या काळातलं म्हणून विकलेलं कार्ड तसं चमकलं तर व्यवहार तिथेच थांबवावा.

पाकीट दोन्ही बाजूंनी पारदर्शकच हवं, हा माझा आग्रह आहे. कोल्हापूरच्या संग्रहातलं एक महत्त्वाचं कार्ड त्याचं कारण चांगलं दाखवतं आणि ते कोल्हापुरात छापलेलंही नाही. इंग्लंडहून परतताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला आणि तिथे 1874 मध्ये छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा उभा राहिला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे आपला नवा राजवाडा रेखला. इटलीत या स्मारकाची पोस्टकार्डं निघाली. विक्रेत्यांकडे ती फ्लॉरेन्सच्या गठ्ठ्यात, स्मारक जिथे आहे त्या कॅशिने बागेच्या किंवा 'इंदियानो'च्या (इटालियनमध्ये 'भारतीय') नावाखाली असतात. कोल्हापूर म्हणून शोधलं तर सापडत नाहीत. यातली सुरुवातीची कार्डं अखंड पाठीची आहेत. त्या काळी मागची पूर्ण बाजू पत्त्यासाठी राखीव असे, मजकूर चित्राच्या कडेच्या मोकळ्या जागेत लिहावा लागे. पाठ दुभागून एका बाजूला मजकूर लिहायची मुभा ब्रिटनने 1902 मध्ये दिली, अमेरिकेने 1 मार्च 1907 पासून. म्हणजे पाठीवर मधली रेघ आहे की नाही, एवढ्यावरून काळाचा पहिला अंदाज येतो. तिकिटावर सातवे एडवर्ड की पाचवे जॉर्ज, किंमत आण्यांत की 1 एप्रिल 1957 नंतरच्या नव्या पैशांत, पत्त्यात 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालेला पिनकोड आहे का, हे सगळं पाठीवरच वाचायला मिळतं. पाठ काळ्या पुठ्ठ्याने झाकणारा अल्बम हे सगळं दडवतो आणि दर वेळी कार्ड बाहेर काढायला लावतो.

बाकीच्या वस्तूंवर फार शब्द खर्चायची गरज नाही. चिकट पानावर कार्ड ठेवून वरून फिल्म ओढायचे अल्बम कार्डाची पाठ कायमची खातात. लॅमिनेशन झेरॉक्सच्या प्रत्येक दुकानात होतं आणि पुन्हा सोडवता येत नाही. लॅमिनेट केलेलं कार्ड संग्राहकाच्या दृष्टीने गेलंच. बटर पेपरची पाकिटं तिकिटांसाठी जुन्या सवयीने वापरतात, पण आपल्या पावसाळ्यात ती ओल शोषून चुणतात आणि जिलेटिनला चिकटतात, चित्रही धड दिसत नाही.

ए4 मापाची कप्पेवाली पानं दाखवायला छान वाटतात. चार कप्प्यांच्या पानात कप्पे उभे असतात आणि राजवाडा, रंकाळा, पन्हाळा यांची कार्डं बहुतेक आडवी, त्यामुळे बघणाऱ्याला वही फिरवावी लागते. तीन आडव्या कप्प्यांची पानं मुळात नोटांसाठी बनतात. उंचीला कार्ड बसतं, पण रुंदीला चार-पाच सेंटीमीटर सरकायला जागा उरते. पानंच हवी असतील तर कार्ड आधी स्वतःच्या पाकिटात घाला आणि मग कप्प्यात. एका कप्प्यात पाठीला पाठ लावून दोन कार्डं घालून जागा वाचवू नका, पाठीचाच उपयोग जातो. मोठ्या संग्रहाला डबाच बरा. पाकिटासकट कार्ड साधारण अर्धा मिलिमीटर धरलं तर शंभर कार्डांना पाच सेंटीमीटर लागतात. डबा गच्च भरू नका. मधे बोट जाईल एवढी ढील ठेवा, पण कार्डं वाकून पडतील इतकी नको. जागा उरली तर आम्लविरहित पुठ्ठ्याची पट्टी घाला. कार्डं आडवी एकावर एक रचू नका. ओलसर हवेत दाबाखाली जिलेटिन गुळगुळीत प्लास्टिकला टेकलं की तिथे चकचकीत चट्टे उमटतात आणि पॉलिस्टरसुद्धा त्याला अपवाद नाही.

डब्याच्या बुडाला त्रिकोणात 5 आकडा असेल तर तो पीपी, 3 असेल तर पीव्हीसी. स्वयंपाकघरात वापरायचा रबरी कड असलेला 5 क्रमांकाचा चौकोनी डबा या कामाला उत्तम आहे, कार्डाची 9 सेंटीमीटर उंची आत मावते एवढं बघा. प्लायवूडची पेटी दिसायला देखणी असली तरी तिच्यातून आम्लाची वाफ येत राहते. डांबरगोळ्या तर नकोच, त्यांची वाफ प्लास्टिकला लागते आणि स्फटिक कार्डावर जमतात. कसर रोखायला स्वच्छ, बंद डबा पुरेसा आहे.

खरी चूक होते ती डबा बंद करण्याच्या वेळेत. जुलै-ऑगस्टात आपली हवा 80 टक्क्यांच्या वर ओलसर असते, बुरशीला 65-70 टक्केही पुरतात. त्या दिवसांत कार्डं भरून झाकण लावलं तर ओल आतच कोंडली जाते आणि सिलिका जेल ती सगळी ओढू शकत नाही, कारण कागदाने धरलेलं पाणी जेलच्या ताकदीपेक्षा बरंच जास्त असतं. कार्डं फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी, वळीव सुरू होण्याआधी, सावलीत उघडी ठेवून मग डबाबंद करा. पाच लिटरच्या डब्याला नारंगी सिलिका जेल 100 ग्रॅम, कापडी पुरचुंडीत, कार्डांना न टेकवता. रंग हिरवा किंवा फिका झाला की 110 ते 120 अंशांवर ओव्हनमध्ये दोनेक तास तापवून बंद बरणीत गार करा. तव्यावर भाजू नका, रंग जळतो आणि मग ओलीने भरलेलं जेल ओळखता येत नाही. निळं जेल टाळा, त्यात कोबाल्ट असतं.

डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवाच, पण विकत घेतल्या घेतल्या त्याच्यावर भरवसा ठेवू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ ओल्या वाळूसारखं भिजवा, मापकाबरोबर बरणीत बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी 75 टक्के दिसायला हवेत. 81 दाखवत असेल तर तो 6 ने जास्त दाखवतो, तेवढे वजा करून वाचा. डब्यात 35 ते 50 च्या दरम्यान आकडा असावा. 30 च्या खाली गेला तर जेल थोडं काढा, नाहीतर छायाचित्र-कार्डं कमानीसारखी वळतात.

डबा तळमजल्यावर, कपाटाच्या खालच्या खणात ठेवू नका. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या शहरात हे वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हाच डबे वरच्या मजल्यावर न्यावेत, 43 फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नये. एवढं करूनही छायाचित्र-कार्ड भिजलं आणि पाकिटाला चिकटलं तर ते ओढू नका, सुकूही देऊ नका. थंड, स्वच्छ पाण्यात पाकिटासकट बुडवून ठेवा, पाकिटाच्या दोन कडा पाण्यातच कापा आणि फिल्म आपोआप सुटेपर्यंत थांबा. मग चित्राची बाजू वर करून टीपकागदावर सावलीत वाळवा. हाताने रंगवलेल्या छापील कार्डाला मात्र हा उपाय करू नका, त्याचे रंग पाण्यात उतरतात. ते पाकिटातून हलकेच काढून टीपकागदावर नुसतं पसरावं आणि दर तासाने कागद बदलावा.