दचकून मोडणाऱ्या झोपेवर कानाच्या सुया : आमच्या तालुक्याचं केंद्र

पुलगाव-आर्वी पट्ट्यातल्या ज्या माजी सैनिकांची झोप रात्री दचकून मोडते, त्यांनी हे केंद्र जरूर पाहावं. दोन्ही कानांच्या पाळ्यांवर अ‍ॅक्युपंक्चरच्या पाच-पाच सुया लावतात. कानावरच्या त्या बिंदूंची नावं: शेन मेन, सिम्पथेटिक, मूत्रपिंड, यकृत, फुफ्फुस. मग ३० ते ४५ मिनिटं नुसतं बसायचं. काय घडलं होतं ते कोणी खोदून विचारत नाही. कमी बोलणाऱ्या माणसाला हेच मानवतं. खुर्च्या भिंतीला टेकवलेल्या, दार समोर. पाठीमागे कोणी नसलं की खांदे सैल पडतात, हे त्यांनी नेमकं ओळखलंय.

सुयांचं पाकीट समोर फोडतात, पण काढताना घाई होते. दहा लावल्या तर दहा मोजूनच उठा. एखादी केसांत राहून जाते. उपाशीपोटी गेलं तर घेरी येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

‘पाच बैठकांत बरे’ हा फलक मात्र उतरवावा. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचणीत आठवड्याला दोन अशा २४ बैठका ठरवल्या होत्या. मानसोपचाराच्या गोळ्याही परस्पर बंद करू नका. लग्नसराईत शेजारच्या मंगल कार्यालयात संध्याकाळी फटाके वाजतात, तेव्हा सकाळचीच वेळ मागा.