व्हॉट्सॲप : फुकट सेवेचे ग्राहकाच्या बाजूने परीक्षण

एखादे दुकान किंवा उपाहारगृह आवडले नाही, तर दुसरीकडे जावे, असे परीक्षण लिहिणाऱ्याला सहज सांगता येते. मुंबईत व्हॉट्सॲपबद्दल तसे सांगणे व्यर्थ आहे. पाण्याच्या टाकीच्या साफसफाईची सूचना, शाळेच्या सुट्टीचा निरोप, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, वाण्याला द्यायची यादी, इतकेच काय, वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोचे तिकीटसुद्धा या ॲपवरून मिळू लागले आणि महापालिकेनेही आपली माहितीसेवा त्यावर आणली. त्यामुळे ते वापरावे की नाही हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. ज्या सेवेचे पैसे आपण देत नाही, तिच्या बदल्यात नेमके काय देतो, एवढेच येथे तपासायचे आहे.

जे चांगले आहे ते आधी सांगितले पाहिजे. एप्रिल २०१६ पासून या ॲपवरील वैयक्तिक संदेश आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्शनने सुरक्षित केलेले आहेत आणि त्यासाठी सिग्नल या दुसऱ्या संदेश-ॲपची पद्धत वापरली जाते, जी या क्षेत्रातील जाणकार उत्तम मानतात. पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज मधल्या कोणालाही, म्हणजे कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. २०२१ च्या आरंभी ‘आता कंपनी आपले चॅट वाचणार’ असे जे फॉरवर्ड घरोघरी फिरले, ते चुकीचे होते. (ते फिरलेही व्हॉट्सॲपवरूनच, ही त्यातली गंमत.)

परंतु मजकूर वाचता येत नाही म्हणजे काहीच कळत नाही, असे नव्हे. आपला नंबर, परवानगी दिली असल्यास फोनमधील सर्व संपर्क, आपण कोणत्या ग्रुपमध्ये आहोत, कोणता फोन वापरतो, कोणत्या नेटवर्कवरून आणि किती वेळा ॲप उघडतो, ही माहिती कंपनीकडे जाते. संपर्कांच्या यादीत ज्यांनी हे ॲप कधी घेतलेच नाही, त्यांचेही नंबर असतात आणि त्यांची संमती कोणी विचारलेली नसते. २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी १९ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले, तेव्हा दोन्हीकडची खाती आपोआप जुळवता येणार नाहीत, असे युरोपीय आयोगाला सांगितले होते. ते दिशाभूल करणारे ठरले आणि २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड झाला.

माझा मुख्य आक्षेप संमतीच्या रीतीवर आहे. २०१६ मध्ये गोपनीयता धोरण बदलले तेव्हा जुन्या ग्राहकांना आपली माहिती जाहिरातींसाठी फेसबुकला देण्यास नकार देण्याची ३० दिवसांची मुदत तरी होती. जानेवारी २०२१ च्या सूचनेत ती वाट राहिली नाही. नवे धोरण मान्य करा, नाहीतर ८ फेब्रुवारीनंतर सेवा मिळणार नाही, असा त्याचा अर्थ होता. ओरड झाल्यावर मुदत १५ मेपर्यंत वाढवण्यात आली, मजकूर मात्र तोच राहिला. युरोपातील ग्राहकांना तेथील कायद्यामुळे वेगळी वागणूक मिळाली. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच कारणासाठी मेटाला (फेसबुक कंपनीचे नवे नाव) २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती वाटण्यावर पाच वर्षांची मनाई घातली. कंपनी अपिलात गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि ती मनाई काढून टाकली. एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम जड गेली असेल, असे वाटत नाही.

बँक, विमा कंपनी किंवा मोठे दुकान यांच्याशी होणारा संवाद वैयक्तिक संवादासारखा समजू नये. अशा अनेक व्यवसायांच्या वतीने संदेश सांभाळण्याचे काम मेटा किंवा तिसरी एखादी कंपनी करते. चॅटच्या वरच्या बाजूला तशी बारीक सूचना असते; ती वाचणारा ग्राहक मला अजून भेटलेला नाही.

मुंबईत मात्र खरा धोका कंपनीपेक्षा आपल्याच सवयींतून अधिक येतो. भाड्याने घर घेताना दलाल ‘आधार आणि पॅन व्हॉट्सॲप करा’ म्हणतो आणि आपण करतो. लीव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांनी संपतो, पण ती छायाचित्रे दलालाच्या फोनच्या गॅलरीत, त्याच्या बॅकअपमध्ये आणि ज्या एजंटांना त्याने ती पुढे धाडली त्यांच्याकडे राहतात. घरकामाला येणाऱ्या बाईंचे ओळखपत्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकणे, थकबाकीदारांची यादी नावे आणि सदनिका क्रमांकांसह झळकवणे, हेही सर्रास चालते. येथे कोणतेही एन्क्रिप्शन उपयोगी पडत नाही. पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. आधी तेच द्यावे आणि पूर्ण प्रत मागणाऱ्याला कारण विचारावे.

ॲपमधील सोयी बऱ्या आहेत, पण त्यातील महत्त्वाच्या सोयी मुळात बंद असतात, हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष आहे. बॅकअपला एन्क्रिप्शन ऑक्टोबर २०२१ मध्ये आले, तरी ते सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावे लागते. तोवर गुगल किंवा ॲपलच्या क्लाउडवरील प्रतीला ते संरक्षण नसते. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे खाते नव्या फोनवर उघडताना मागितला जाणारा, सहा अंकी पिन आणि आपल्याला ग्रुपमध्ये कोणी टाकावे यावरील मर्यादा, यांचेही तसेच. ग्रुपमध्ये मात्र शेकडो अनोळखी सभासदांना आपला नंबर दिसतो. तक्रार नोंदवण्यासाठी भारतातील तक्रार निवारण अधिकारी नेमलेला आहे, परंतु खाते बंद पडलेल्या ग्राहकाला फोन करून माणसाशी बोलायचे असेल, तर तशी खिडकी नाही.

जून २०२५ मध्ये, स्टेटस आणि चॅनेल जेथे दिसतात त्या अपडेट्स विभागात जाहिराती आणण्याचेही जाहीर झाले. शहर, भाषा, आपण कोणती चॅनेल पाहतो, यांवरून त्या निवडल्या जातात. खाते मेटाच्या अकाउंट्स सेंटरला, म्हणजे तिची सर्व खाती एकत्र जोडण्याच्या सोयीला, जोडलेले असेल, तर फेसबुक-इन्स्टाग्रामवरील आवडीही विचारात घेतल्या जातात. ते जोडणे ऐच्छिक आहे आणि न जोडणेच मला योग्य वाटते.

पर्याय म्हणून सिग्नल गोपनीयतेत निश्चित सरस आहे. टेलिग्रामचे नाव त्याच दमात घेतले जाते, पण त्याचे साधे चॅट एंड-टू-एंड नसतात. २०२१ मध्ये अनेकांनी सिग्नल उतरवून घेतले. सोसायटीचे सचिव आणि शाळा तिकडे आल्या नाहीत, म्हणून बहुतेक जण परतले.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील मुख्य बंधने १८ महिन्यांनंतर लागू होणार आहेत. तेव्हा संमतीची सूचना साध्या भाषेत द्यावी लागेल आणि ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांत वाचण्याचा पर्यायही ठेवावा लागेल, म्हणजे मराठीतही. तोवर पाचपैकी माझे गुण असे : संदेशांच्या सुरक्षिततेला साडेचार, संमतीच्या रीतीला एक.